दूरस्थ रुग्णसेवा: घरून आलेला आकडा वाचणार कोण?

एका दवाखान्यात उच्च रक्तदाब, मधुमेह आणि हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडणे) असे मिळून सुमारे २०० रुग्ण नियमित उपचार घेत आहेत. त्यांना घरी मोजमापाची उपकरणे द्यावीत, नोंदी ॲपवर मागवाव्यात आणि प्रत्येक तपासणीसाठी रुग्णाला दवाखान्यात यावे लागू नये, असे तेथील डॉक्टरांनी योजले आहे. कोणती उपकरणे घ्यावीत, कोणते ॲप निवडावे आणि व्हिडिओवर रुग्ण तपासणे कितपत सुरक्षित आहे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी १५ वर्षांपासून दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांवर दुरून देखरेख ठेवण्याचे काम करत आले आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे देतेच. पण उपकरणांची यादी करण्यापूर्वी एक गोष्ट कागदावर लिहून ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. घरून आलेला आकडा कोण पाहणार, किती वेळात पाहणार आणि पाहिल्यानंतर त्या व्यक्तीला काय करण्याची मुभा असणार, एवढेच त्या कागदावर असावे. हे लिहिता येत नसेल, तर उपकरणे कितीही उत्तम असली तरी योजना पुढे ढकलावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत दोन मोठ्या चाचण्या शेजारी ठेवून वाचल्यावर पक्के झाले. २०१० साली अमेरिकेतील ‘टेली-एचएफ’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हार्ट फेल्युअरमुळे नुकतेच रुग्णालयात राहून आलेले १६५३ रुग्ण तिच्यात होते. देखरेखीच्या गटातील रुग्णांनी रोज एका स्वयंचलित दूरध्वनी यंत्रणेला आपले वजन (या आजारात शरीरात पाणी साठू लागले की ते वाढते) आणि लक्षणे सांगायची आणि दवाखान्यातील कर्मचाऱ्यांनी सुट्ट्या वगळून कामाच्या दिवशी ती पाहायची, अशी व्यवस्था होती. १८० दिवसांत पुन्हा दाखल झालेल्या किंवा दगावलेल्या रुग्णांचे प्रमाण या गटात ५२.३ टक्के आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ५१.५ टक्के निघाले, म्हणजे उपयोग दिसलाच नाही. ज्यांना ही यंत्रणा दिली होती त्यांपैकी १४ टक्के रुग्णांनी ती एकदाही वापरली नाही, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून किमान तीनदा वापरणारे ५५ टक्केच उरले होते.

२०१८ साली जर्मनीतील ‘टिम-एचएफ२’ या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात हार्ट फेल्युअरचे १५७१ रुग्ण होते. वजन, रक्तदाब, ईसीजी (हृदयाच्या विद्युत संकेतांचा आलेख), रक्तातील ऑक्सिजन आणि स्वतःला कसे वाटते याची रुग्णाने दिलेली नोंद, हे सारे रोज एका केंद्राकडे जात असे आणि तेथे डॉक्टर व परिचारिका रात्रंदिवस उपलब्ध असत. नोंदी पाहून ते रुग्णाला फोन करत, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलत, औषधांत बदल सुचवत आणि गरज पडल्यास दाखल करण्याची व्यवस्था करत. या गटात हृदयविकारामुळे अनपेक्षितपणे रुग्णालयात गेलेले किंवा मृत्यूमुळे गमावलेले दिवस वर्षाला सरासरी १७.८ होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ते २४.२ होते. मृत्यूचे प्रमाणही दर १०० रुग्ण-वर्षांमागे (म्हणजे १०० रुग्णांमागे वर्षभरात) ११.३४ ऐवजी ७.८६ इतके होते. दोन्ही चाचण्यांतील रुग्ण अगदी सारखे नव्हते आणि उपकरणेही वेगळी होती, त्यामुळे सारा फरक एकाच कारणाला चिकटवणे बरोबर ठरणार नाही. तरीही एका ठिकाणी आकडा साठत होता आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला लगेच उत्तर मिळत होते, हा भेद माझ्या दृष्टीने निर्णायक आहे.

माझ्या स्वतःच्या कामातही हे मला फार वाईट रीतीने शिकावे लागले. सुरुवातीच्या काळात हार्ट फेल्युअरच्या एका वयस्क रुग्णाचे वजन तीन दिवसांत अडीच किलोने वाढले. त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी ती नोंद अगदी वेळेवर पाठवली आणि ‘डॉक्टरांना कळवले आहे’ या विश्वासाने ते घरी स्वस्थ राहिले. आमच्याकडे ती नोंद सोमवारी सकाळी उघडली गेली. तोवर रविवारी रात्री दम लागल्यामुळे त्यांना दाखल करावे लागले होते. ते बरे होऊन घरी गेले, पण त्यांनी जे विचारले ते मी विसरू शकत नाही: “तुम्ही बघत नव्हता, तर मला आधी का नाही सांगितलं?” उपकरण दिले नसते तर पाय सुजताच ते बहुधा स्वतःहून दवाखान्यात आले असते. कोणी न पाहणारी देखरेख रुग्णाची स्वतःची सावधगिरी कमी करते आणि त्या जागी दुसरे काहीच देत नाही.

म्हणून तो कागद तयार करताना वेळा तासांत लिहाव्यात. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी नोंदी पाहिल्या जाणार नसतील, तर ते रुग्णाला उपकरण हातात देतानाच तोंडी सांगावे, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे आणि त्या वेळेत काय करायचे तेही त्याच कागदावर असावे. २०० रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी स्वतः रोज पाहणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही. एक प्रशिक्षित परिचारिका हे काम उत्तम करू शकते. मात्र अमुक वजनवाढीला लघवी वाढवणाऱ्या गोळीचा डोस किती वाढवायचा, कोणत्या परिस्थितीत वाढवायचा नाही आणि डॉक्टरांना कधी उठवायचे, हे तिला आधीच लेखी ठरवून दिलेले असावे. तिला केवळ ‘कळवते’ एवढेच म्हणता येत असेल, तर तिचा आणि रुग्णाचा दोघांचाही वेळ वाया जातो.

इशाऱ्यांच्या मर्यादा कंपनीने ठरवून दिलेल्या तशाच ठेवू नयेत. ज्या रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजन जुन्या फुप्फुसविकारामुळे नेहमीच ९० टक्क्यांच्या आसपास असतो, त्याच्यासाठी ९४ ही मर्यादा ठेवली तर रोज इशारा वाजेल. आणि रोज वाजणाऱ्या इशाऱ्याकडे दोन आठवड्यांनी कोणीही लक्ष देत नाही, मग त्याच गर्दीत खरा इशारा हरवतो. प्रत्येक रुग्णाची मर्यादा त्याच्या नेहमीच्या आकड्यांवरून ठरवावी आणि पहिल्या महिन्यानंतर ती पुन्हा तपासावी. हार्ट फेल्युअरमध्ये तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजनवाढ हा प्रचलित निकष आहे आणि तो मीही वापरते. पण प्रकृती बिघडत असलेल्या अनेक रुग्णांचे वजन तितके वाढतच नाही, त्यामुळे ‘काल रात्री किती उशा घेऊन झोपलात?’ हा प्रश्न (आडवे झाल्यावर दम लागू लागला की उशा वाढतात) वजनकाट्याच्या जोडीला कायम ठेवावा लागतो.

आणखी एक गोष्ट बहुतेक यंत्रणा टिपत नाहीत, ती म्हणजे न आलेली नोंद. रोज सकाळी सात वाजता रक्तदाब कळवणारी व्यक्ती दोन दिवस गप्प असेल, तर तो एखाद्या वाढलेल्या आकड्याइतकाच गंभीर संकेत असू शकतो. उपकरणाची बॅटरी संपली असेल, व्यक्ती गावाला गेली असेल, कंटाळली असेल किंवा अंथरुणाला खिळली असेल. फोन केल्याशिवाय यातले काहीच कळत नाही. माझ्या कामाच्या यादीत ‘४८ तास नोंद नाही’ हा रकाना सर्वांत वर असतो.

आता उपकरणांविषयी. रक्तदाबासाठी दंडावर पट्टा बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्यावे, मनगटाचे घेऊ नये, आणि ज्या मॉडेलची अचूकता मान्य पद्धतीने स्वतंत्रपणे तपासलेली आहे तेच घ्यावे. पट्ट्याच्या आकाराकडे फार दुर्लक्ष होते. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो आणि रुग्णाला विनाकारण औषध वाढवून मिळते. म्हणून यंत्र देण्यापूर्वी टेपने दंडाचा घेर मोजावा. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसणे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला आणि मोजताना बोलणे पूर्ण बंद, हे रुग्णाकडून आपल्यासमोर एकदा करून घ्यावे. सकाळी आणि संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतराने दोन-दोन वेळा, शक्यतो सात दिवस मोजावे, पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी आणि १३५/८५ किंवा त्याहून अधिक सरासरीला वाढलेला रक्तदाब समजावे. दवाखान्यातील १४०/९० हा निकष घरच्या मोजमापाला लावणे ही मला वारंवार दिसणारी चूक आहे. नाडी अनियमित असलेल्या रुग्णांमध्ये या यंत्रांचा एकेक आकडा फारसा विश्वसनीय नसतो. तेथे अधिक वेळा मोजून सरासरी पाहावी. पट्टा न बांधता मनगटी घड्याळावर दिसणाऱ्या रक्तदाबावरून औषध बदलणे मी आजही टाळते.

बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर थंड बोटांवर आणि नखाला रंग लावलेला असताना चुकतो, हे सर्वांना माहीत असते; त्वचेच्या रंगाचा परिणाम मात्र पुष्कळांना माहीत नसतो. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असतानाही धमनीतील रक्तात प्रत्यक्ष ऑक्सिजन ८८ टक्क्यांखाली असल्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आढळले. गडद वर्णाच्या रुग्णाला दम लागत असेल आणि यंत्र ९४ दाखवत असेल, तर रुग्णावर विश्वास ठेवावा. रक्तशर्करेच्या बाबतीत बोट टोचण्यापूर्वी हात धुणे आवश्यक आहे, कारण गोड पदार्थ हाताळलेल्या बोटावर शर्करा खोटी वाढलेली दिसते. त्वचेवर बसवलेला सेन्सर रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो, त्यामुळे साखर वेगाने उतरत असताना त्याच्या आकड्याने निश्चिंत होऊ नये. या सेन्सरच्या नोंदी पाहताना शर्करा ७० ते १८० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) या पट्ट्यात दिवसाचा किती वेळ राहिली हे पाहावे. बहुतेक प्रौढांसाठी तो वेळ ७० टक्क्यांहून अधिक आणि ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांहून कमी, असे उद्दिष्ट ठेवले जाते.

रक्तदाबाच्या रुग्णांपासूनच सुरुवात करावी, असे मी सुचवेन, कारण तेथे पुरावा चांगला आहे आणि धोका कमी. ब्रिटनमधील ‘टास्मिन-एच४’ या २०१८ च्या चाचणीत डॉक्टरांनी घरच्या नोंदी पाहून औषधे ठरवली, तेव्हा वर्षअखेरीस वरचा रक्तदाब नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत सुमारे ३.५ ते ४.७ मिलिमीटरने कमी आढळला. आणि नोंदी कागदावर लिहून पाठवणारे व मोबाइलवरून पाठवणारे, यांच्या अंतिम आकड्यांत लक्षणीय फरक नव्हता. त्याआधी, २०१७ साली, अनेक चाचण्यांतील रुग्णांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असे दिसले की, रुग्णाने घरी नुसते मोजत राहिल्याने वर्षभरानंतर रक्तदाब कमी होत नाही. औषध बदलण्याची व्यवस्था आणि समुपदेशन यांची भक्कम जोड मिळाली तरच तो सरासरी ६ मिलिमीटरने उतरतो. येथेही मुद्दा पुन्हा वाचणाऱ्या माणसापाशीच येतो. नेदरलँड्समधील लायडेन येथे ईसीजीचे जनक मानले जाणारे विलेम आइन्थोव्हेन यांनी १९०५ साली रुग्णालयातील रुग्णाच्या हृदयाचे विद्युत संकेत टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत आणले, कारण त्यांचे अवजड यंत्र रुग्णापाशी नेणे शक्य नव्हते. तो आलेख वाचू शकणारा माणूस त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेला होता, हे मला त्या प्रसंगात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

व्हिडिओवर तपासणे सुरक्षित आहे का, याचे उत्तर रुग्ण कोणता आणि तक्रार कोणती यावर अवलंबून आहे. ओळखीच्या रुग्णाचा स्थिर आजार, तपासणीचे अहवाल समजावणे, औषधांचे दुष्परिणाम विचारणे, मानसिक आजारातील पाठपुरावा, यांसाठी ते चांगले आहे. छातीत दुखणे, अचानक लागलेला दम, पोटात तीव्र कळ, एकाएकी कमी झालेली दृष्टी, तान्ह्या बाळाचा ताप, नव्याने आलेला अशक्तपणा किंवा वाकडे झालेले तोंड, यांत व्हिडिओचा उपयोग रुग्णाला लगेच कोठे पाठवायचे हे ठरवण्यापुरताच करावा. दम किती आहे हे दुरून मोजण्यासाठी एका श्वासात आकडे म्हणायला लावण्यासारख्या युक्त्या सुचवल्या जातात. त्यांवर निर्णय सोपवण्याइतका विश्वास मी ठेवत नाही. रुग्ण वाक्य पुरे करू शकतो का, ओठांचा रंग कसा आहे, तो खुर्चीतून उठून खोलीभर चालल्यावर काय होते आणि कालच्यापेक्षा आज कसे वाटते, यांतून मला अधिक कळते.

संभाषण सुरू होताच पहिल्या अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी विचाराव्यात: नाव आणि वय, आत्ता नेमके कोठे आहात, आणि फोन तुटला तर कोणत्या क्रमांकावर परत करू. बोलता बोलता रुग्ण कोसळला, तर नोंदवहीतला जुना पत्ता उपयोगाचा नसतो. त्या क्षणी तो जेथे आहे तेथेच मदत पाठवावी लागते. खोलीत आणखी कोण आहे हेही विचारावे. सून किंवा मुलगा फोन धरून उत्तरे देत असेल, तर त्यांचे आभार मानून रुग्णाशी थेट बोलू द्यावे अशी विनंती करावी, कारण दुरून होणाऱ्या भेटीत रुग्णाचा स्वतःचा आवाज फार सहज हरवतो. घरात होणाऱ्या छळाची शंका असेल, तर त्या विषयाला व्हिडिओवर हात न घालता प्रत्यक्ष भेटीला बोलवावे.

व्हिडिओचा एक लाभ दवाखान्यात कधीच मिळत नाही. ‘घरात असलेली सगळी औषधे टेबलावर मांडून कॅमेऱ्यासमोर धरा’ असे सांगितले की, एकच औषध दोन नावांनी चालू असल्याचे, महिन्यापूर्वी बंद केलेली गोळी अजून घेतली जात असल्याचे किंवा वेदनाशामक गोळ्यांचे रिकामे पाकीट दिसते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे वजन का वाढत होते, याचे उत्तर मला शरीरात पाणी साठवणाऱ्या अशा वेदनाशामक गोळ्यांत अनेकदा मिळाले आहे. घोट्यावर अंगठा काही सेकंद दाबून धरायला सांगावा आणि खड्डा राहतो का ते पाहावे. एवढी तपासणी दुरूनही नीट होते. त्वचेच्या तक्रारीसाठी मात्र हलत्या व्हिडिओपेक्षा दिवसाच्या उजेडात काढलेली दोन स्थिर छायाचित्रे मागवावीत, एक दुरून आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. ती आपल्या खासगी फोनच्या अल्बममध्ये राहू देऊ नयेत. रुग्णाच्या नोंदीत जोडून फोनवरून काढून टाकावीत.

संभाषण संपवताना ‘काही वाटल्यास कळवा’ असे म्हणणे पुरेसे नाही. काय झाले तर, किती तासांत, कोणाला कळवायचे आणि त्यांनी फोन उचलला नाही तर कोठे जायचे, हे सांगून रुग्णाकडून ते त्याच्या शब्दांत परत म्हणून घ्यावे. दुरून उपचार करताना आपण दिलेला सल्ला कळला की नाही हे चेहऱ्यावरून पुरते वाचता येत नाही, म्हणून हे एक मिनिट कधीही वाचवू नये. तसेच एकाच तक्रारीसाठी दुसऱ्यांदा फोन आला, तर तिसऱ्याची वाट न पाहता प्रत्यक्ष तपासणी करावी, असा नियम मी स्वतःसाठी घालून घेतला आहे.

ज्यांना ऐकू कमी येते, वाचता येत नाही किंवा ज्यांच्या घरात एकच फोन चौघांत वापरला जातो, त्यांना या योजनेतून वगळले जाण्याचा धोका खरा आहे आणि अनेकदा सर्वांत जास्त आजारी असलेली माणसे तीच असतात. त्यांच्यासाठी साधा फोन, कागदावरची नोंद आणि ठरलेल्या दिवशी परिचारिकेने केलेली विचारपूस ही पूर्ण दर्जाची दूरस्थ सेवा आहे. तिला तात्पुरती सोय समजू नये. आणि ज्याला दवाखान्यातच यायचे आहे, त्याला ॲपकडे ढकलू नये.

ॲपविषयी थोडक्यात सांगते. ते तुमच्या रुग्णनोंदींशी जोडता आले पाहिजे, नोंदी सांकेतिक रूपात सुरक्षित राहिल्या पाहिजेत, कोणी कधी काय पाहिले याची खूण राहिली पाहिजे आणि उद्या ते बदलायचे ठरले तर सगळी माहिती आपल्या हाती परत मिळाली पाहिजे. रुग्णांची माहिती इतर कोणाला विकली जाणार नाही, हे करारात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. बाकीच्या सोयींवर वेळ घालवू नये.

सुरुवात २०० रुग्णांपासून करू नये. रक्तदाबाचे २० रुग्ण निवडावेत आणि पहिले दोन महिने प्रत्येक नोंद येण्याची व तिला उत्तर जाण्याची वेळ लिहून ठेवावी. ठरवलेल्या तासांत उत्तर गेले नसेल, तर रुग्ण वाढवण्याआधी माणूस वाढवावा. हार्ट फेल्युअरचे रुग्ण सर्वांत शेवटी घ्यावेत. देखरेख कधी आणि कशी थांबवायची हेही प्रत्येक रुग्णाशी आरंभीच बोलावे, कारण ‘टिम-एचएफ२’ मधील रुग्णांची देखरेख संपल्यानंतर पुढच्या वर्षात दोन्ही गटांतील गमावलेल्या दिवसांचा फरक टिकला नाही. उपकरण परत घेण्याच्या दिवशी रुग्णाला प्रत्यक्ष बोलवावे, त्याची पूर्ण तपासणी करावी आणि उद्यापासून नोंदी पाहिल्या जाणार नाहीत हे त्याला व त्याच्या घरच्यांना समोर बसवून सांगावे.